लाल बटण आणि तिसरी ओळ

भोपाळजवळच्या बैरागढला आमच्या क्वार्टरपासून बाबांची वायरलेसची खोली दोनशे दहा पावलांवर होती. रोज दुपारी डबा घेऊन मी जाई, म्हणून पावलं पाठ आहेत. भोपाळ नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. नागपूरहून फायली, कपाटं, कारकून, त्यांच्या बायका आणि बायकांच्या लोणच्याच्या बरण्या असं सगळं आगगाडीनं येत होतं. मंत्री तेवढे विमानानं येत. त्या विमानांशी बोलायला माणूस हवा, म्हणून बाबांची बदली झाली आणि आमच्याही बरण्या आल्या. विमानतळ म्हणजे आज डोळ्यांपुढे येतो तसा काही नव्हता. एक धावपट्टी, एक पत्र्याचं हँगर, वारा कुठला ते दाखवणारी कापडी पिशवी, आणि गुरं हाकलायला एक चौकीदार. कुंपणापलीकडे फाळणीत आलेल्या सिंधी लोकांच्या बराकी होत्या. त्यांच्या बायका खाटांवर पापड वाळत घालत. विमान उतरलं की पापडांवर धूळ बसे, आणि मग त्या विमानाकडे तोंड करून जे बोलत ते मला सिंधी येत नसूनही कळे.

त्यातल्या जसोदाबाई आमच्या घरी येत. त्यांच्याकडून दाल-पकवान येई, आमच्याकडून पाटवडी जाई. आईचं हिंदी तेव्हा अगदीच मोडकं होतं, आणि जसोदाबाईंचंही फार बरं नव्हतं, त्यामुळे दोघींचं चांगलं जमलं. माझी शाळा नागपूरला चौथीत सुटली ती सुटलीच. मराठी शाळा शहरात, लांब; बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष आलं नाही. याचं वाईट वाटलं का, असं नातसून विचारते. वाटलं. पण त्यावर बसून राहायला वेळ कुणाला होता? पाणी दूरच्या नळावरून आणावं लागे.

बाबांच्या खोलीत दोन पेट्या होत्या. डावीकडच्या पेटीवर रोजचं बोलणं चाले: कोण आलं, कोण निघालं, वारा किती, धावपट्टीवर म्हशी आहेत का. उजवीकडची पेटी कायम चालू असे, पण बोलत नसे. तिच्यातून नुसता बारीक फुसफुस आवाज येई, तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब मरताना येतो तसा. तिच्यावर बाबांनी लाल रंगाचा ठिपका दिला होता. ती संकटाची पेटी. जगातल्या सगळ्या विमानांसाठी एकच आकडा ठरलेला, एकशे एकवीस पॉइंट पाच. मला तो पाढ्यांसारखा पाठ होता. इंजिन बंद पडलं, आग लागली, वाट चुकली, तर वैमानिकानं त्या आकड्यावर येऊन हाक मारायची. ज्याच्यापाशी ऐकायची सोय आहे त्यानं एक कान तिथं ठेवायचा. आणि बाकीच्यांनी तोंड मिटायचं, कारण एकजण बडबडत असला की दुसऱ्याची हाक त्याखाली दबते. आई त्या पेटीला मौनीबाबा म्हणे.

"अहो, तुमच्या मौनीबाबाला नैवेद्य काय लागतो?"

"काही नाही," बाबा म्हणत. "तो उपाशी आहे तोवर सगळं ठीक आहे."

बाबा वाईट नव्हते, पण शिस्तीचे फार. जेवताना मध्येच ताटावर वाटी आपटायचे आणि म्हणायचे, "शकू, इंजिन बंद पडलं. बोल!" मग तोंडातला घास गिळून मी पाच ओळी म्हणायच्या. एक, मी कोण. दोन, काय झालं. तीन, मी कुठे आहे. चार, आता काय करणार. पाच, विमानात माणसं किती. माझ्या विमानात नेहमी दोन माणसं असत, मी आणि जसोदाबाई. एखादी ओळ गाळली की बाबा मान हलवत. "अर्धी तार ही तार नव्हे. कुठे आहेस ते न सांगता हाक मारणं म्हणजे पत्ता न घालता पत्र टाकणं. असं पत्र टाकायचंच नाही." आई म्हणे, पोरीला जेवू द्या, ती काही विमान चालवणार नाही. ते खरं होतं. पण हे पाठांतर मुळात माझ्यासाठी नव्हतंच, ते मधूदादासाठी होतं. मी आपली बरोबर बसले होते म्हणून माझंही झालं.

मधूदादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. सरकारी वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, मिळवून तो तिथल्याच फ्लाइंग क्लबमध्ये विमान शिकत होता. आमच्या ऐपतीत ते बसणारं नव्हतं, त्यामुळे वजीफा गेला की विमान गेलं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दादा हुशार होता, देखणा होता, पण त्याची एक खोड होती. एक गोष्ट अडली की तिला सोडून पुढे जाणं त्याला जमत नसे. मॅट्रिकला गणिताच्या पेपरात पहिलंच गणित अडलं तर त्याच्यावरच दीड तास बसला, आणि पुढची येत होती ती राहून गेली. नापास व्हायचा थोडक्यात वाचला. घरी आल्यावर म्हणाला, "पहिली जागा रिकामी ठेवून पुढचं कसं लिहू?" बाबांना त्यात शिस्त दिसली. मला मूर्खपणा दिसला, पण मला कोण विचारतो.

क्लबच्या विमानात वायरलेसची लहानशी पेटी होती. तिला चार बटणं, चौथं लाल. एका वेळी एकच बटण दाबता येई. रोजच्या बटणावर असलं की लाल बटणावरचं काही ऐकू येत नसे. मंत्र्यांना नेणारं डकोटा विमान मोठं, त्यात दोन पेट्या होत्या, दोन्ही एकदम ऐकता येत. ते डकोटा बरेचदा एक पारशी कॅप्टन आणी. त्यांना सगळे बावाजी म्हणत. मुंबईचे, पोट सुटलेलं, सारखं हसणारे. रोजच्या आकड्यावर गर्दी असली की बावाजी खुशाल लाल आकड्यावर जाऊन गप्पा मारत. तिथं कोणी नसतं ना, मोकळं असतं, असं त्यांचं म्हणणं. ओट्यावर जागा नाही म्हणून देवघरात कांदा चिरायचा, त्यातला हा प्रकार.

संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मी डबा घेऊन खोलीत बसले होते, आणि अचानक मौनीबाबा बोलला. मी दचकून उठलेच. बाबांनी पेन्सिल उचलली. आत बावाजींचा आवाज: "अरे छोकरा, आज तुझी आई काय बनवते?" आणि आमच्या दादाचा आवाज, खदखदून: "पाटवडीचा रस्सा! उतरलात की घरीच या जेवायला. पण लवकर या, शकू संपवते!"

बाबांचा चेहरा मी पाहिला आणि हसू तोंडातच विरलं. त्यांनी बोलायचं बटण दाबलं आणि इंग्रजीत थोडंसंच बोलले. पेटीवरचं ठरावीक सोडलं तर मला इंग्रजी येत नव्हतं, पण त्यानंतर दोन्हीकडे अशी शांतता पसरली की भाषांतराची गरज पडली नाही. नंतर त्यांनी दोघांविरुद्ध अहवाल लिहिला. बावाजी मंत्री नेणारा मोठा माणूस. त्याचं नाव लिहिताना बाबा थांबले नाहीत. मुलाचं नाव लिहिताना थांबले, दौत हलवून पाहिली, आणि लिहिलं. दादाचं उडणं पंधरा दिवस बंद झालं. घरी आल्यावर बाबांनी त्याला आईसमोर, माझ्यासमोर सुनावलं, "त्या बटणावर पुन्हा तुझा फालतू आवाज ऐकला तर मीच लिहून देईन, याला विमानात बसवू नका म्हणून. कायमचं."

बावाजींनी मात्र मनावर चांगलं घेतलं. पुढच्या खेपेला खोलीत येऊन बाबांना म्हणाले, "काळे, तू बरोबर बोलला. आता ती पेटी मी कायम उघडी ठेवते, आणि माझा तोंड बंद." आणि जाताना मला म्हणाले, "पाटवडी राहिली ना, डिकरी." दादानं मनावर घेतलं ते वेगळ्या तऱ्हेनं. तो बाबांशी बोलेनासा झाला. बाबाही बोलेनात. "त्याला म्हणावं ताक घे." "त्यांना म्हणावं नको." हे सगळं एका पाटावरून शेजारच्या पाटावर, आईच्या तोंडून. आई एकदा वैतागली आणि म्हणाली, "मला पण एक लाल ठिपका लावा. म्हणजे माझ्यावरून फालतू बोलणं बंद होईल."

हे असं उन्हाळ्यापर्यंत चाललं. वैशाखात एके दिवशी दादाला एकट्यानं सागरला जाऊन परत यायचं होतं. ही त्याची मोठी परीक्षा होती. आईनं दही-साखर हातावर ठेवली. बाबा आधीच खोलीकडे निघाले होते. जाताना कोपऱ्याशी थांबून चपलेतला खडा काढत बसले, दादा घरातून निघेपर्यंत. अकरा-साडेअकराला मी झुणका-भाकरीचा डबा घेऊन गेले तेव्हा ऊन असं होतं की चौकीदारानंही गुरं सोडून दिली होती. उत्तरेचं आकाश चहाच्या गाळासारखं दिसत होतं. लू, म्हणजे उन्हाळ्याचा तापलेला वारा, सुटली की भोपाळकडे असं होतं. धूळ उठते, वर जाते आणि तिथंच बसून राहते. खालून वरचं दिसत नाही, वरून खालचं दिसत नाही.

डावीकडच्या पेटीवर दादाचा आवाज आला: सागरहून परत निघालोय, सगळं ठीक, अमुक वाजता पोचतो. ती वेळ आली आणि गेली. बाबांनी विचारलं, कुठे आहेस. उत्तर आलं, सगळं ठीक, थोडा उशीर. आवाज बारीक होता, पण त्याच्या आधी दादा खाकरला. दादा खाकरतो कधी, हे घरात मला आणि आईलाच माहीत होतं. चोरून सिनेमाला गेला की "वाचनालयात होतो" म्हणण्याआधी तो असाच खाकरायचा. त्यानंतर बाबांनी विचारलं तर नुसती चरचर. दादाच्या विमानातली पेटी कमजोर, आमची जोरकस. त्यातून तो जमिनीजवळून उडत वाट शोधत असला तर त्याचा आवाज आमच्यापर्यंत येत नसे, आमचा मात्र बहुतेक त्याला जात असे. बाबांनी कागदावर लिहिलेलं मी वाचलं, तेवढं मला येत होतं. पेट्रोल, एक वाजेपर्यंत. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

बाबा इंग्रजीत सांगत राहिले: लाल बटणावर ये, लाल बटणावर ये. त्यांनी मला कारण सांगितलं, कदाचित मला नव्हे, स्वतःलाच. रोजच्या आकड्यावर फक्त भोपाळ ऐकतं. लाल आकड्यावर जो कोणी आकाशात असेल तो ऐकेल. उंचावरच्या विमानाला लांबची बारीक हाकसुद्धा ऐकू येते. नागपूरहून बावाजींचं डकोटा निघालेलं होतंच. बाबांनी त्यांना विचारलं, काही ऐकू येतंय का. नाही. मौनीबाबा फुसफुसत राहिला. ती पेटी कधी बोलू नये म्हणून जो माणूस देव पाण्यात घालून बसला होता, तोच आता तिच्याकडे टक लावून "बोल, बोल की" म्हणत होता. मी डबा मांडीवर घेऊन बसले होते. डब्याचं बूड अजून कोमट होतं आणि त्याचा मला राग येत होता.

"ऐकू येत असेल तर येत का नाही हा?" बाबा म्हणाले. "नियम माहीत आहे याला. पाची ओळी पाठ आहेत."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. त्यात हुशारी काही नव्हती. मी त्याच्याबरोबर लहानाची मोठी झाले होते, एवढंच.

"बाबा, तो तिसऱ्या ओळीवर अडलाय."

"काय?"

"तो कुठे आहे हे त्याला माहीत नाही. ते कळल्याशिवाय तो बोलायचा नाही. गणिताच्या पेपरासारखं. आणि बोलला तर तुम्ही विमान बंद कराल."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मुस्काटात बसल्यावर माणूस बघतो तसं. मग वळून त्यांनी डावीकडच्या पेटीचं बटण दाबलं आणि जे त्या खोलीत कधी केलं नव्हतं ते केलं. ते मराठीत बोलले.

"मधू, बाबा बोलतोय. तिसरी ओळ सोड. कुठे आहेस माहीत नसलं तरी चालेल. लाल बटण दाब आणि हरवलोय एवढंच म्हण. मी रागावणार नाही."

हे त्यांनी तीनदा म्हटलं. शेवटचं वाक्य मात्र पहिल्याच वेळी आलं, नंतर नाही. तेवढंच जमलं असावं.

घड्याळाचा काटा मी पाहिला नाही, मी लाल ठिपका पाहत होते. पेटीतून चरचर आली, काहीतरी तुटक, शब्द नव्हेतच. बाबा पुढे झुकले. आणि मग खणखणीत, शेजारच्या खोलीतून यावा तसा बावाजींचा आवाज: "भोपाळ, छोकरा मला ऐकू येते. तुला नाही येणार, मी वर आहे. त्याने लाल बटण दाबला. आता कोणी बोलू नका, मी बोलते."

पुढचं सगळं आम्ही अर्धंच ऐकलं. विचारणारा ऐकू येत होता, उत्तर देणारा नाही. "हरवला? काय हरकत नाय, मी पण हरवलोय कितीदा. खाली काय दिसते? ... नदी. केवढी? ... मोठी, दोन्ही बाजूला रेती. अरे डिकरा, मग तू हरवला कुठे, ती नर्मदा! तू भोपाळ ओलांडून पुढे गेला. ... हवा तुला पूर्वेला ढकलते, म्हणून पूल पश्चिमेला असणार. नदी धर, होकायंत्रावर पश्चिम. ... घाबरू नको, पेट्रोल किती? ... हं. चालेल." ते "हं" मला अजून ऐकू येतं. मध्ये कुठलंसं तिसरं विमान तोंड घालून विचारू लागलं, कोण आहे, काय झालं. बावाजींनी त्याला एका शब्दात गप्प केलं. तो शब्द बाबांनी अहवालात लिहिला नाही, मीही इथं लिहीत नाही.

"दिसला? रेलचा पूल? शाबास! आता रूळ धर, उत्तरेला. होशंगाबाद मागे टाक, बुधनीचा घाट, मग सरळ. रूळ सोडायचा नाय. आई बोलावली तरी सोडायचा नाय." बाबांनी त्यांना डावीकडच्या पेटीवर विचारलं, तुमच्याकडे मंत्री आहेत ना, उशीर होतोय. बावाजी म्हणाले, "मंत्र्याला मी सांगितला, खिडकीतून बघ, तुझ्याच नवीन राज्याचा पोरगा आहे. तो पण बघते आहे." धूळ विरळ झाली तसं ते डकोटा खाली येऊन दादाच्या डोक्यावर घिरट्या घालत त्याच्याबरोबर येत राहिलं, म्हशीमागं बगळा येतो तसं. घड्याळात एक वाजून गेला. बाबांनी कागद पालथा घातला.

"हबीबगंज दिसते? ... काय? ... बंद पडला? ... ठीक. रुळाच्या बाजूला शेत आहे, कापलेला गहू. नाक खाली ठेव. बोलू नको आता, उतर."

मग पेटीत नुसता तव्यावरचा थेंब. मी किती वेळ थांबले मला माहीत नाही. एवढं आठवतं की मी आमच्या कुलदैवताला काही कबूल करायला गेले आणि त्या घटकेला देवीचं नावच आठवेना.

"उतरला," बावाजी म्हणाले. "चाक मोडला वाटते. थांब... थांब... बाहेर आला. पंखावर उभा आहे. हात हलवते. दोन्ही हात हलवते, काळे, दोन्ही!"

बाबांनी बटण दाबलं. मला वाटलं आता तरी काही बोलतील. ते म्हणाले, "संदेश मिळाला. आभारी आहे. आता हा आकडा मोकळा करा, उरलेलं रोजच्यावर बोलू." बावाजींच्या हसण्याचा आवाज आला आणि तुटला. बाबांनी कानावरचं यंत्र काढलं, घाम पुसला, पाठीमागे टेकले आणि म्हणाले, "डबा दे." त्यांना खोली सोडता येत नव्हती, डकोटा अजून उतरायचं होतं. भाकरी घेतली आणि तोडायला लागले, पण ती तुटेना. भाकरी मऊ होती, आईच्या हातची. त्यांची बोटंच धरत नव्हती. मी तोडून दिली. त्यांनी सगळी खाल्ली. झुणकाही, कांदाही. मी धावत घरी गेले, दोनशे दहा पावलं त्या दिवशी किती झाली मोजली नाहीत. आईला एका दमात सांगितलं: दादा हरवला होता, सापडला, हबीबगंजला शेतात आहे, चांगला आहे, पंखावर उभा राहिला. आई म्हणाली, "आधी चांगला आहे म्हण, मग बाकीचं सांग गं, कार्टे." बरोबरच होतं तिचं. पाच ओळींमध्ये ती ओळ नव्हती.

हबीबगंजला तेव्हा स्टेशन म्हणजे लहानसा फलाट होता आणि भोवती शेतं. आता तिथं काचेचं मोठं स्टेशन आहे, नावसुद्धा राणी कमलापती झालंय. मुलगा मला तिथून गाडीत बसवतो तेव्हा मी अंदाजानं दाखवते, इथं कुठंतरी तुझा मामा गव्हात उतरला. तो मान डोलावतो आणि मोबाइलमध्ये बघतो.

संध्याकाळी क्लबच्या ट्रकमधून दादा आला. कपाळाला टेंगूळ, बाकी साबूत. आईनं आधी त्याच्या पाठीत दणका घातला, मग पाठीवरून हात फिरवला. जसोदाबाई परातभर दाल-पकवान घेऊन आल्या. "चीलगाड़ी का क्या है भाभी, दूसरी आ जाएगी. लड़का सलामत है, बस." अंगणात निम्मी वस्ती जमली होती. बाबा सर्वांत शेवटी आले, काम संपवून. दादा उठून उभा राहिला. वैमानिक मांडीला बांधतात तो कागदाचा लहान गठ्ठा त्याच्या हातात होता. तो त्यानं पुढे केला. त्याच्यावर सुंदर इंग्रजी अक्षरात ओळी लिहिलेल्या: मी कोण, काय झालं, काय करणार, माणसं एक. तिसरी ओळ रिकामी. तिथं टिंबं टिंबं काढून जागा सोडलेली.

"किती वेळ हे घेऊन फिरत होतास?" बाबांनी विचारलं. कित्येक महिन्यांनंतर सरळ त्याला विचारलेली ही पहिली गोष्ट.

"पाऊण तास. प्रत्येक गावावरून खाली जाऊन बघत होतो, स्टेशनची पाटी वाचता येते का. जागा भरली की बोलणार होतो. तुम्हीच म्हणाला होतात, पत्ता न घालता पत्र टाकायचं नाही."

आई पकवान मोडत होती. तिला वाचता येत नव्हतं, पत्रं ती दुसऱ्याकडून लिहून घ्यायची. ती मान वर न करता म्हणाली, "पत्रावर पत्ता तर ज्याला पाठवायचं त्याचा घालतात. पाठवणाऱ्याचा नसला तरी पोस्टमन आणून देतो की."

दादा बाबांकडे बघायला लागला. बाबा आईकडे. मग बाबांना हसू फुटलं. असं, की ठसका लागला आणि मला पाणी आणायला धावावं लागलं. दादा हसला, आई हसली, आणि काहीच न कळून जसोदाबाई आमच्या सगळ्यांहून जोरात हसल्या. आमच्या घरात इतकं हसणं त्याआधी झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यानंतरही झालं नाही.

रात्री झोपण्याआधी बाबांनी आणखी एक अहवाल लिहिला. या खेपेला स्वतःविरुद्ध, वायरलेसवर मराठीत बोलल्याबद्दल. वरून उत्तर आलं की पुढे काळजी घ्यावी. दादाचा वजीफा राहिला, मोडक्या चाकाबद्दल बोलणी मात्र खावी लागली. बावाजी दोन दिवसांनी पाटवडी खायला आले आणि तीन वेळा वाढून घेतली. मी संपवू शकले नाही.

पण मला सांगायचं आहे ते पुठ्ठ्यांचं. बाबांनी मला बसवलं, जाड पुठ्ठ्याचे तुकडे दिले आणि म्हणाले, माझं अक्षर गिचमिड आहे, तुझं चांगलं आहे. नवीन राज्यात आता हिंदीही चालायला हवी. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं. वर: इस नंबर पर गपशप नहीं। त्याखाली: मुसीबत में शर्म नहीं। मग पाच ओळी. आणि तिसऱ्या ओळीपुढे, लाल शाईनं: पता न हो तो यही पहले बोलो। मी असे सहा लिहिले. क्लबच्या प्रत्येक विमानात लाल बटणाशेजारी एक लागला. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण माझं अक्षर पुढे कित्येक वर्षं भोपाळवरून उडत होतं. हे मी फारसं कुणाला सांगितलेलं नाही, कारण लोकांना ते गोड वाटतं आणि ते गोड नव्हतं, कामाचं होतं. गेल्या वर्षी भोपाळातच अयोध्या नगरला मुलाच्या घरी न्हाणीघरात पडले तेव्हा मला त्याचा उपयोग झाला. हाडाचं काय झालंय ते कळेपर्यंत मी वाट पाहिली नाही. तिथूनच ओरडले, "पडले. कुठे लागलंय माहीत नाही. या." सून आली. मोडलं काही नव्हतं.

दादा शेतात उतरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन गेले. आकाश धुऊन काढल्यासारखं निळं होतं. डावीकडच्या पेटीवर कुणीतरी म्हशींबद्दल विचारत होतं. उजवीकडची पेटी आपली फुसफुसत होती. मी दारातच थांबून तिच्याकडे पाहत राहिले.

"उपाशी आहे," बाबा म्हणाले. आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, आत काय आहे ते पाहिलं, आणि स्वतःच्या हातानं भाकरी तोडली.